तिरका उजेड

सोयरू च्यारी, वय एकाहत्तर, राहणार दिवाडी.
उजवा डोळा: आत मोतीबिंदू पिकलेला, वर बुबुळ धुरकट.
डावा: नाही.
केसपेपरवर एवढंच मावतं.

मावत नाही ते त्याने तपासणीच्या खुर्चीत सांगितलं,
हनुवटी टेकवून, बोलू नका म्हटलं तरी.
चाळीस वर्षं शिंपल्यांच्या खिडक्या बसवल्या,
पातळ चपटे शिंपले, चौकोनी कापलेले,
लाकडाच्या खाचेत एकावर एक सरकवायचे.
उजेड आत येतो, डोतोर, नजर येत नाही.
म्हणून आतल्या बायका मोकळेपणी केस विंचरायच्या.

उरलेले तुकडे भट्टीत जायचे, चुन्याला.
त्याच चुन्याची एक फक्की.
वर्ष आठवत नाही त्याला, दुपार आठवते.
बायकोने रांजणातलं पाणी ओतलं, ओतत राहिली,
म्हणून उजवा थोडा राहिला.

स्लिट लॅम्पमधून पाहिलं तेव्हा
त्याच्या डोळ्यात तीच खिडकी होती.
हे मी त्याला सांगितलं नाही.
डॉक्टरने अशा गोष्टी सांगू नयेत,
पेशंट घरी जाऊन त्यांचा अर्थ लावत बसतात.

मडगाव, मंगळवार, तिसरी केस.
मायक्रोस्कोपचा दिवा सरळ वरून पडतो
आणि बुबुळावर आपटून माझ्याच डोळ्यात परत येतो.
पांढरं.
धुक्यात गाडीचा अप्पर लावावा तसं,
जितका उजेड वाढवावा तितकी भिंत जाड.
भिंगामागून येणारी ती लाल चमक,
जिच्या भरवशावर एरवी आम्ही सगळे शहाणे,
आज नाही.

"दिवा बंद करा," मी म्हणते.
सिस्टर एर्मेलिंदा मान वर करते.
"हाच. आणि छतावरचाही."

बुबुळावर जेल पसरते.
कागदाला तेल लागावं आणि मागची अक्षरं उमटावीत,
तसं काहीतरी, अर्धवट.
मग रेटिनावाल्यांकडून मागून आणलेली दिव्याची सुई,
उदबत्तीच्या काडीहून बारीक,
कडेच्या छेदातून आत, आडवी.

आणि खोली उजळते.
बाहेरची नव्हे.
बाहुलीची कड. भिंग,
माडाच्या गुळाच्या रंगाचं, तसंच घट्ट.

निळा रंग सोडते. भिंगावरचा पापुद्रा,
जो आतापर्यंत नव्हताच, निळा होऊन हजर होतो.
चिमट्यात टोक धरते. गोल. सावकाश गोल.
घड्याळात दोन वाजतात त्या जागी धुकं दाट आहे,
तिथे टोक हरवतं.
सुई कलती करते. एर्मेलिंदाचा श्वास थांबलेला ऐकू येतो.
आणखी कलती.
टोक सापडतं, त्याच्या सावलीवरून.

"उजेड फिरवलात?" चादरीखालून सोयरू.
"हो. बोलू नका."
"बरं केलंत. शिंपल्याला तडा आहे का बघायचा
तर दिवा समोर धरायचा नाही. कुशीला धरायचा."
"च्यारीमामा, बोलू नका."

मला हे ठाऊक होतं. कोइंबतूरला
दोन वर्षं राबून शिकले होते.
तरी हात एक क्षण थांबला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली.
तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षरही त्याला पुसटच.
मी आधीच सांगितलं होतं:
आतला पडदा काढेन, वरची काच तीच राहील.
ती बदलायला कुणीतरी जावं लागतं,
आणि मागच्यांपैकी कुणीतरी हो म्हणावं लागतं.
यादीत नाव घातलंय. यादी लांब आहे.

तो माझी बोटं मोजतो. चार. बरोबर.
मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतो, बराच वेळ,
आणि दाराच्या चौकटीकडे हात करतो.
"ही गुण्यात नाही," म्हणतो.

तो गेल्यावर मी पट्टी आणून लावली.
वरच्या कोपऱ्यात अर्धं बोट फरक.
अकरा वर्षं मी त्या दारातून ये-जा करते आहे.